घरचं वायफाय मोबाइलला लागतं, लॅपटॉपला लागत नाही

सुरंगी

नवी फायबर जोडणी घेतली, त्यात राउटरही बदलून मिळाला. सगळ्यांना पुन्हा टाकायला नको म्हणून नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले. दोन्ही मोबाइल आणि टीव्ही आपोआप लागले. लॅपटॉप (विंडोज १०, आठ-नऊ वर्षांचा) काही केल्या लागत नाही. यादीत नाव दिसतं, 'कनेक्ट' दाबलं की ठिपके फिरतात आणि 'कान्ट कनेक्ट टु धिस नेटवर्क' येतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटला तोच लॅपटॉप लगेच लागतो. नेटवर्क रीसेट करू की विंडोजच नव्याने टाकू?

तारवाला

ताई, दोन्ही नको. हॉटस्पॉट लागतो ही फार मोलाची माहिती तुम्ही दिली आहे. त्याचा अर्थ लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड, अँटेना आणि विंडोजची वायफाय सेवा ठीक आहे. विंडोज नव्याने टाकून यातलं काहीही बदलणार नाही.

वायफाय 'लागणं' हे एक काम वाटतं, पण त्यात चार कामं एकापाठोपाठ होतात. लॅपटॉपला राउटरची हाक ऐकू येणं, म्हणजे यादीत नाव दिसणं. मग पासवर्डची देवाणघेवाण. मग राउटरकडून आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला लॅपटॉपचा क्रमांक, मिळणं. आणि शेवटी त्या पत्त्यावरून बाहेर जाता येणं. गाडी कुठे अडते ते आधी ठरवायचं, कारण प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा. तुमचं नाव दिसतंय आणि पत्त्यापर्यंत गोष्ट जातच नाही, म्हणजे अडचण दुसऱ्या पायरीवर आहे.

पहिली शंका जुन्या नोंदीवर. नाव तेच ठेवलंत, म्हणून लॅपटॉप जुन्या राउटरची साठवलेली सुरक्षा-नोंद घेऊन नव्या राउटरकडे जातोय. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स असं जा, ते नाव निवडा, 'फरगेट' करा. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करू नका. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं तेव्हा शटडाउन अर्धवट होतं, ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची) जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि तीच परत उठते. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि शब्दांमध्ये एकेक जागा सोडून. जे येईल त्यातल्या चार गोष्टी इथे लिहा: ड्रायव्हरची तारीख, रेडिओ टाइप्स सपोर्टेड, ८०२.११डब्ल्यूच्या ओळीत येस आहे की नो, आणि खाली ऑथेंटिकेशनच्या यादीत डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा-पद्धत, डब्ल्यूपीए२ च्या पुढची) दिसतं का.

बोरू

पासवर्ड नव्याने टाकताना एक बघा. टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात भाषा कुठली आहे? मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पासवर्डच्या जागी देवनागरी अक्षरं जातात, आणि तिथे नुसते ठिपके दिसत असल्याने कळत नाही. विंडोज की आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. इंग्रजीतही युनायटेड किंगडम लेआउट असेल तर शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲट ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. आपल्याकडे निम्म्या पासवर्डांत ॲट असतो. म्हणून शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर बोट दाबून धरा आणि काय उमटलंय ते वाचा. त्याहून सोपं म्हणजे नोटपॅडमध्ये टाइप करून तिथून चिकटवायचं, फक्त शेवटी रिकामी जागा येऊ द्यायची नाही.

वायफायचं नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर जरूर ठेवा, पण नावाला एकूण ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे दहा चिन्हांवर नाव जात नाही. जुने प्रिंटर आणि कॅमेरे अशा नावाला अडखळतात. पासवर्ड मात्र इंग्रजी अक्षरांतच हवा, ८ ते ६३ चिन्हांचा.

सुरंगी

फरगेट, रीस्टार्ट केलं. पासवर्ड डोळा दाबून तपासला, बरोबर आहे. अजून तसंच.

आज्ञेतून आलेलं: ड्रायव्हरची तारीख २०१५. रेडिओ टाइप्स ८०२.११बी, जी, एन, ए, एसी. ८०२.११डब्ल्यू येस. ऑथेंटिकेशनमध्ये डब्ल्यूपीए२ पर्सनल आहे, डब्ल्यूपीए३ नाही.

तारवाला

आता चित्र बरंच स्पष्ट आहे. 'ए' आणि 'एसी' दिसतंय म्हणजे वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन रेडिओ-पट्ट्यांपैकी कार्ड ५ गिगाहर्ट्झसुद्धा पकडतं, ही चांगली गोष्ट. नुसतं बी-जी-एन असतं तर ते फक्त २.४ वर चाललं असतं आणि ५ चं नाव कधीच दिसलं नसतं.

डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं, तुमचा ड्रायव्हर २०१५ चा. विंडोज १० ला डब्ल्यूपीए३ कळायला लागलं तेच १९०३ या आवृत्तीपासून. नवे राउटर बहुधा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' ठेवून येतात. कागदावर हे जुन्या उपकरणांना चालायला हवं: राउटर दोन्ही पद्धती जाहीर करतो आणि ज्याला जी कळते ती त्याने घ्यायची. पण काही जुने ड्रायव्हर ती दुहेरी जाहिरात वाचतानाच गोंधळतात. हॉटस्पॉट लागण्याचं कारणही हेच असू शकतं, कारण तो बहुधा साध्या डब्ल्यूपीए२ वर असतो.

तपासायला राउटरच्या पानावर जावं लागेल. राउटरच्या पाठीमागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि तिथेच लॉगिनचं नाव-पासवर्ड. मोबाइलच्या ब्राउजरमधूनही जाता येतं, फक्त तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा. आत गेल्यावर वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन एवढ्याच भागात फिरा. 'वॅन', 'पीपीपीओई', 'व्हीलॅन' अशा पानांना हात लावू नका. मागच्या बारीक भोकातलं रीसेटचं बटणही पिनेने दाबू नका. फायबर कंपनीने भरलेलं युजरनेम आणि व्हीलॅनचा आकडा त्याने पुसला जातो, आणि मग घरात कुणालाच इंटरनेट राहत नाही.

दोन बदल करा, आणि हे सगळे एकदम न करता एकेक करून मधे तपासा.

आधी 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' (दोन्ही पट्ट्या एकाच नावाखाली ठेवणारी सोय) बंद करून दोन पट्ट्यांना दोन नावं द्या. जुनं नाव २.४ ला राहू द्या. टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट प्लग यांतली बरीच उपकरणं २.४ चीच असतात, ती तशीच जोडलेली राहतील. नव्या नावाच्या शेवटी ५ लावा.

मग दोन्हींची सुरक्षा 'डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस' करा. तिथे टीकेआयपी नावाचा पर्याय दिसेल, तो घेऊ नका. तो असुरक्षित आहेच, शिवाय त्यावर वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही.

सुरंगी

पहिल्या बदलाने काही नाही. दुसरा केल्यावर २.४ ला लगेच लागला! पण शेवटी ५ असलेलं नाव लॅपटॉपला दिसतच नाही. मोबाइलला दिसतं.

तारवाला

म्हणजे दुसऱ्या पायरीची गाठ सुटली आणि ५ गिगाहर्ट्झवर अडचण पहिल्या पायरीची आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या होत्या. म्हणूनच एकेक बदल करायचा.

नाव न दिसण्याची दोन कारणं तपासू. पहिलं कारण चॅनल, म्हणजे पट्टीतली राउटरने निवडलेली जागा. ५ गिगाहर्ट्झचा चॅनल 'ऑटो' असेल तर राउटर ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ मध्ये जाऊन बसू शकतो. हे पट्टे रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटरला तिथे बोलण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन बसावं लागतं, आणि रडार ऐकू आलं तर जागा सोडावी लागते. त्यात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ, म्हणजे १०० पासून पुढचा भाग, भारतात विनापरवाना खुला झाला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये. त्याआधीची उपकरणं तिकडे बघतच नाहीत असं होतं. चॅनल हाताने ३६, ४०, ४४ किंवा ४८ ठेवा.

तरी नाव दिसलं नाही तर दुसरं कारण: त्याच पानावर 'मोड' ११एएक्स (म्हणजे वायफाय ६) असेल. तो तात्पुरता ११एसी (त्याआधीची पिढी) करा. वायफाय ६ चा राउटर आपल्या हाकेत नवी माहिती जोडतो. जुने ड्रायव्हर ती वाचू शकत नाहीत आणि आख्खं नावच यादीतून गाळतात. इंटेलच्या ७२६०, ३१६०, ८२६० अशा जुन्या कार्डांबाबत हे माहीत असलेलं आहे, आणि इंटेलने त्यावर नवे ड्रायव्हरही दिले आहेत. तुमच्या २.४ चा मोड बहुधा बी/जी/एन असेल, म्हणून ते नाव दिसत राहिलं.

सुरंगी

चॅनल ३६ ने फरक नाही. ११एसी केल्याबरोबर नाव आलं आणि जोडलंही गेलं. २.४ चा मोड खरंच बी/जी/एन होता. आता असंच ठेवू?

तारवाला

नको. घरातल्या नव्या मोबाइलनाही त्यामुळे जुन्या चालीने चालावं लागेल. दोष ड्रायव्हरचा आहे हे आता सिद्ध झालं, तर ड्रायव्हर बदला.

विंडोज अपडेटवर विसंबू नका. 'हाच उत्तम ड्रायव्हर आहे' असं सांगून ते २०१५ चाच ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडून कार्डाचं पूर्ण नाव टिपून घ्या. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेल क्रमांक घालून शोधा. तिथे जुनाच असेल तर कार्डाची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर. जुना काढायच्या आधी नवा उतरवून ठेवा, हे महत्त्वाचं. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अनइन्स्टॉल', तिथे ड्रायव्हर पुसण्याच्या चौकोनात खूण, मग नवा टाका आणि रीस्टार्ट. नवा बिनसला तर ड्रायव्हर टॅबवरचं 'रोल बॅक' इथे चालणार नाही, कारण जुना तुम्ही पुसलेला असेल. म्हणून जुन्याची फाइलही पेनड्राइव्हवर असू द्या.

कंदील

यात एक जोड. ड्रायव्हर काढला आणि आता लॅपटॉपला इंटरनेटच नाही अशी वेळ आली, तर मोबाइल यूएसबी तारेने जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अँड्रॉइड मोबाइल विंडोजला तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो, त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर डेटाही त्याचाच वापरला जातो. तार मात्र डेटावाली हवी. नुसत्या चार्जिंगच्या तारेने टेदरिंगचा पर्याय फिका राहतो.

एकतारी

धागा पळवत नाही, पण माझंही राउटर बदलल्यावरच बिघडलंय. ऑफिसचा लॅपटॉप, विंडोज ११. वायफायला 'कनेक्टेड' आहे, पण 'नो इंटरनेट'. सुरंगीताईंनी केलं ते सगळं केलं, उपयोग नाही.

तारवाला

तुमची पायरी वेगळी आहे, त्यामुळे त्यांचे उपाय लागू पडणार नाहीत. नाव दिसतंय, पासवर्ड मान्य झालाय. अडचण पत्त्यापासून पुढे आहे. सुरक्षा पुन्हा होती तशी करून टाका.

'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा देऊन वायफायच्या भागातले आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डीफॉल्ट गेटवे सांगा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक ठरवून घेतलाय. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ (गूगलचा पत्ता) ला पिंग करा, म्हणजे 'पिंग' आज्ञेने उत्तर येतं का बघा. उत्तर आलं आणि तरी संकेतस्थळं उघडत नसली, तर दोष डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) किंवा प्रॉक्सीचा (मधला सर्व्हर, ज्यातून इंटरनेट जातं).

एकतारी

आयपीव्ही४ १९२.१६८.०.५०, गेटवे १९२.१६८.०.१. पिंगला 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. मोबाइलवर राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ दिसतो.

तारवाला

सापडलं. तुमचा राउटर १९२.१६८.१ च्या आळीत राहतो आणि लॅपटॉप १९२.१६८.० च्या आळीत दार ठोठावतोय. हा पत्ता कुणीतरी हाताने बसवलेला आहे, बहुधा जुन्या राउटरच्या काळात प्रिंटरसाठी किंवा पोर्ट उघडण्यासाठी. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. तिथे आयपी असाइनमेंटसमोर 'मॅन्युअल' असेल, ते 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' करा, म्हणजे पत्ता राउटर स्वतः देईल. त्याखालच्या डीएनएससाठीही तेच. ऑफिसचा लॅपटॉप म्हणून त्याच विभागात प्रॉक्सीचं पानही बघा, पण तिथलं बदलण्याआधी तुमच्या आयटीवाल्यांना विचारा.

प्रिंटरसाठी ठरावीक पत्ता हवाच असेल तर तो लॅपटॉपवर बसवू नका. राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं, तिथे द्या. लॅपटॉप घराबाहेर नेला तरी मग अडत नाही.

एकतारी

झालं. मॅन्युअलच होतं. मनापासून आभार.

पाखरू

अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप पुण्यात आईकडच्या वायफायचं नावच दाखवत नाही. शेजारच्यांची चार नावं दाखवतो. राउटर जुना, फक्त २.४ चा.

तारवाला

चॅनल बघा, १२ किंवा १३ निघेल. आपल्याकडे २.४ मध्ये १३ चॅनल चालतात, तिकडे ११ पर्यंतच वापरतात आणि तिकडे विकलेली कार्डं बऱ्याचदा वर बघतच नाहीत. राउटरवर ऑटो काढून १, ६ किंवा ११ ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. एवढंच.

गोकर्णी

माझ्या लॅपटॉपवर मधूनच वायफायचा पर्यायच गायब होतो. फ्लाइट मोड आणि इथरनेट एवढंच राहतं. रीस्टार्टने कधी येतो, कधी नाही. मागच्या महिन्यात बिजागरी दुरुस्त करून घेतली होती.

कंदील

गोकर्णीताई, पर्यायच जातो म्हणजे विंडोजला कार्ड सापडत नाहीये. राउटरकडे बघायचं कारण नाही.

आधी न उघडता करायचं: पूर्ण शटडाउन, म्हणजे शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक. चार्जर काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला विद्युतभार त्याने उतरतो आणि अडकून बसलेलं कार्ड पुन्हा शुद्धीवर येतं. यानंतर पर्याय आला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यायच्या चौकोनातली खूण काढा. काही लॅपटॉपांत हा टॅब दिसतच नाही, त्यांना तो उपाय नाही. पिवळा त्रिकोण असेल तर त्यातला कोड बघा. १० म्हणजे उपकरण सुरूच झालं नाही, ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला. बाण खाली असेल तर ते फक्त बंद केलेलं आहे, उजवी क्लिक करून 'एनेबल'.

हे करून आठवडाभरात पुन्हा गेलं तर उघडावं लागेल. उघडण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का बघून त्याची रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर लिहून ठेवा. मागचं झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वायफाय कार्ड २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूवर बसलेलं असतं. स्क्रू काढला की ते जरा वर उठतं, तिरकं धरून बाहेर ओढायचं, खोबणीत पुन्हा घट्ट बसवायचं. सैल कार्ड हे या तक्रारीचं नेहमीचं कारण. काही लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच झाळलेलं असतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

बिजागरीचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. अँटेनाच्या दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, कार्डापासून निघून बिजागरीतून पडद्याच्या वरच्या कडेला जातात. बिजागरी उघडताना त्या काढाव्या लागतात. परत लावताना तारेच्या टोकावरची मण्याएवढी टोपी कार्डावरच्या खुंटीवर बरोबर मधोमध आणून नखाने सरळ खाली दाबायचं, 'टक' असा अगदी बारीक आवाज येतो. तिरकं दाबलं तर आतली पिन वाकते. एक तार सुटलेली असेल तर पर्याय जात नाही, पण राउटरजवळ चालतं आणि पलीकडच्या खोलीत तुटतं. तसंही होत असेल तर सांगा.

कार्डच गेलं असेल तर बदली घेताना नीट बघा. एएक्स२०१ सारखी कार्डं फक्त त्यांच्यासाठीची खास जोडणी असलेल्या इंटेल प्रोसेसरांवर चालतात. एएक्स२१० साध्या पीसीआयई जोडणीचं आहे, ते बहुतेक मशिनांत बसतं. दिसायला दोन्ही सारखीच.

गोकर्णी

३० सेकंदांनी आला. आणि हो, स्वयंपाकघरात गेलं की तुटतं, पूर्वी तुटत नव्हतं.

कंदील

मग तारच बघायची. ज्यांनी बिजागरी केली त्यांच्याकडेच न्या आणि 'दोन्ही अँटेना तारा आणि कार्डाचा स्क्रू तपासा' असं नेमकं सांगा. नेण्याआधी 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' देऊन सिग्नलचा टक्का हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात टिपून घ्या, परत आणल्यावर त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत या आज्ञेला लोकेशन चालू असावं लागतं. मोजताना यूएसबी ३ ची हार्डडिस्क किंवा हब लॅपटॉपला लावलेला नको, त्याचा रेडिओ-गोंगाट २.४ वर पडतो आणि आकडा फसवतो.

सुरंगी

ड्रायव्हर चिप कंपनीच्या पानावर २०१९ चा मिळाला. टाकला, मोड परत ११एएक्स केला, नाव दिसतंय आणि ५ वर जोडलेला आहे. सुरक्षा परत मिश्र केली तरी लागतो. चॅनल ३६ च राहू देते. २.४ आणि ५ ची नावं आता पुन्हा एक करू का?

तारवाला

करू शकता, पण लॅपटॉपसाठी वेगळीच राहू द्या. जुनी कार्डं एकदा २.४ ला चिकटली की ५ जवळ असूनही सोडत नाहीत. लॅपटॉपमध्ये ५ च्या नावाला 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ठेवा, २.४ ची ती खूण काढा. राउटरपासून दोन भिंतींपलीकडे बसून काम करायचं असेल तेव्हा हाताने २.४ ला जोडा.